पांढरीतली भाजी : यवतमाळ जिल्ह्यातील परसबागेचा इतिहास

वऱ्हाडातील गावाची जमीन परंपरेने दोन नावांनी ओळखली जाते. जिथे पीक घेतले जाते ती काळी आणि जिथे घरे बांधून माणसे राहतात ती पांढरी. काळी सर्व्हे नंबरांत विभागली गेली, तिची प्रत ठरली, तिच्यावर सारा बसला आणि तिच्यात काय पेरले जाते याची नोंद दरवर्षी होत राहिली. पांढरीवर म्हणजे गावठाणावर शेतसारा नव्हता, त्यामुळे घराच्या मागे किंवा बाजूला असलेल्या चार हात जागेत कोणती भाजी उगवते हे लिहून ठेवण्याची गरज महसुली कारकुनाला कधी पडली नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या परसबागेचा इतिहास लिहिताना पहिली अडचण येते ती हीच. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिल्यानंतर या भागाची मोजणी झाली, १८६४ च्या सुमारास वणी नावाचा स्वतंत्र जिल्हा आकाराला आला, १९०५ मध्ये त्याला पुसद तालुका जोडून यवतमाळ हे नाव देण्यात आले आणि १९०८ मध्ये ब्राउन व रसेल यांनी संपादित केलेले जिल्ह्याचे गॅझेटिअरही प्रसिद्ध झाले; पण या सर्व कागदपत्रांचे लक्ष कापूस आणि ज्वारी यांवर होते. परसबागेचा पुरावा त्यामुळे दप्तरापेक्षा सणवारांत, बियाणे राखण्याच्या रीतींत आणि मातीतच अधिक शोधावा लागतो.

परसबाग आणि मळा यांत फरक करणे येथे आवश्यक आहे. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर, बैलांच्या मोटेने भिजवलेली आणि बाजारासाठी पिकवलेली बागायत जमीन. ती प्रामुख्याने माळी समाजाच्या हाती होती आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात या समाजाच्या फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी अशा पोटशाखा पिकांच्या नावांवरून दिलेल्या आढळतात. परसबाग कोणत्याही एका जातीची नव्हती. कुणबी, बंजारा, आंध, गोंड, कोलाम अशा सर्वच घरांशी ती जोडलेली होती, तिची मशागत बैलाने नव्हे तर विळा, खुरपे आणि कुदळ यांनी होत असे आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या देखरेखीखाली होती.

भाद्रपदातील ऋषिपंचमीच्या व्रतात हा फरक धर्माचाराच्या रूपाने टिकून राहिला आहे, असे म्हणता येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाने पिकवलेले काहीही खायचे नाही असा नेम असतो, म्हणून ताटात येते ती हाताने खणलेल्या जागेतली भाजी: अळू (पूर्व विदर्भात धोपा), भोपळा, दोडके, भेंडी, चवळाई, मका. व्रताचे शास्त्रीय स्पष्टीकरण पंडित काहीही देवोत, नांगराच्या शेतीच्या शेजारी हातशेतीचे एक वेगळे क्षेत्र प्रत्येक घरात असते हे या व्रताने गृहीत धरले आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने ही साक्ष महत्त्वाची आहे.

या क्षेत्राची निर्मितीच मुळात एका अडचणीच्या उत्तरातून झाली. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीचा आहे. वणीकडचा कोळसा, वालुकाश्म आणि चुनखडीचा पट्टा तेवढा वेगळा. काळ्या मातीतील चिकण कण पाणी मिळताच फुगतात आणि वाळताच आकसतात, म्हणून पावसाळ्यात ती चिबडते, म्हणजे पाणी धरून ठेवून मुळांची हवा तोडते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. कापूस व तूर यांची खोल मुळे हे सहन करतात. मिरची, वांगी, मेथी किंवा सांबार (विदर्भातील कोथिंबीर) यांची उथळ मुळे कुजतात किंवा तुटतात. शिवाय या मातीत चुन्याचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी अधिक असल्याने जमिनीत लोह असूनही ते झाडाला मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. काळीत भाजी नीट येत नाही हे उघड होते. पण पांढरीत ती येत होती, कारण पांढरीची माती ही पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, गोमूत्र आणि घरातील उष्टे-खरकटे यांतून तयार झालेली, भुसभुशीत, निचऱ्याची आणि पोषक द्रव्यांनी भरलेली माती होती. जुन्या पडक्या घराच्या जागेवरची माती शेतात खत म्हणून नेण्याची रीत दख्खनमध्ये सर्वत्र होती, आणि गावाला लागून असलेल्या, गावची घाण व शेणखत सहज मिळणाऱ्या जमिनीला गावखारी म्हणून अधिक मोल होते. जमीन निवडण्याची संधी ज्यांना नव्हती त्या घरांनी राख, शेणखत आणि गाळलेली माती यांचे उंच गादीवाफे करून तोच परिणाम साधला. गादीवाफा म्हणजे आजूबाजूच्या पातळीपेक्षा वीतभर उंच केलेला सपाट वाफा. त्याचे पाणी बाजूच्या सरीत उतरते.

पाण्याचा प्रश्न पावसाने अर्धाच सोडवला होता. जिल्ह्यात सरासरीने ९०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि विहिरींचे पाणी पिण्यासाठी राखावे लागते. यावर घरोघरी केलेला उपाय म्हणजे न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे पाणी पाटाने परसात सोडणे. अळू, केळ, कर्दळ आणि लिंबू न्हाणीच्या तोंडाशी, शेवगा, ज्याला या भागात मुनगा म्हणतात, तो कोरड्या कोपऱ्यात, आणि वेल मांडवाखाली आळे करून, अशी जी मांडणी जुन्या घरांत दिसते ती शोभेसाठी नव्हे, पाण्याच्या वाटपासाठी आहे. राखेने भांडी घासण्याच्या काळात हे पाणी झाडांना हितकारकही होते. साबणाच्या पावडरींनी ते हित कमी केले.

परसबागेचा हंगामही पाण्यानेच ठरवला. मृगाच्या पावसापूर्वी, पुष्कळ ठिकाणी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वेलांची आळी खणून त्यांत शेणखत भरले जाई. पावसाळ्यात दोडके, कारले, काकडी, लवकी म्हणजे दुधी भोपळा, बरबटी म्हणजे लांब शेंगांची चवळी आणि भेंडी. थंडीत वाल, वांगी, मेथी, मुळा, सांबार आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो. उन्हाळ्यात बाग जवळजवळ मोकळी राही. ही मोकळीक वाया जात नव्हती: वैशाखाच्या उन्हात उलटून टाकलेल्या मातीतील किडींचे कोष आणि बुरशीचे बीज मरते, ही गोष्ट आज कृषी विद्यापीठे उन्हाळी नांगरट म्हणून शिकवतात. पावसाळ्याच्या आरंभी भाजीचा जो तुटवडा पडे तो तरोटा, घोळ, चिवळ, कटुले अशा न पेरलेल्या भाज्यांनी भरून निघे, आणि म्हणून परसातील तण सरसकट उपटले जात नसे. मिरची, भोपळा आणि टोमॅटो ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या आगमनानंतर भारतात आलेली पिके आहेत. ती आज वऱ्हाडी ताटात इतकी मुरली आहेत की त्यांच्याशिवाय या बागेची कल्पना करता येत नाही, पण सतराव्या शतकापूर्वीची परसबाग वांगी, वाल, मुळा, अळू आणि देशी वेल यांचीच असली पाहिजे.

किडीचा प्रश्न मात्र या जिल्ह्यात इतरत्र नाही एवढा बिकट झाला आणि त्याचे कारण कापूस हे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची रेल्वे आली, आणि काळीवर कापसाचा विस्तार होत गेला. कापूस, भेंडी आणि अंबाडी ही तिन्ही झाडे एकाच कुळातील, म्हणजे जास्वंदीच्या कुळातील आहेत. पानांच्या खालच्या बाजूने रस शोषून ती पिवळी पाडणारे तुडतुडे, पांढरी माशी, मावा, आणि शेंडे व बोंडे पोखरणारी ठिपक्यांची अळी यांना कापूस व भेंडी यांत फारसा भेद वाटत नाही. मैलोगणती पसरलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या मधोमध एखाद्या घराने दहा भेंडीची झाडे लावली की त्या झाडांवर येणारी कीड ही घराची नसते, सबंध शिवाराची असते. परसबागेतील एका स्त्रीच्या हाती असलेले उपाय अशा वेळी अपुरे पडले तर तो तिच्या ज्ञानाचा दोष मानता येत नाही.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून सबंध झाड फिके होण्याच्या रोगाला शेतकरी केवडा म्हणतात. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. मुंबई इलाख्यातून या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये केली. रोगट झाड बरे होत नाही. ते दिसताच उपटून जाळणे किंवा पुरणे एवढाच उपाय त्या काळी होता, आणि आजही तोच पहिला आहे. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीच्या पुसा सावनी या वाणाचा एका रानटी नातेवाइकाशी संकर करून १९८० च्या दशकात परभणी क्रांती हे केवड्याला दाद न देणारे वाण काढले, तेव्हा परसबागेला या रोगावर बियाण्यातूनच उत्तर मिळाले. पुढे विषाणू बदलत गेल्याने ही प्रतिकारशक्ती सर्वत्र पूर्वीइतकी टिकली नाही.

घरगुती उपायांचा विचार करताना त्यांची सरसकट स्तुती किंवा सरसकट उपेक्षा, दोन्ही टाळले पाहिजे. काकडी-दोडक्याच्या दोन पानांच्या रोपांवर येणारे लाल भुंगे सकाळी दव असताना चाळलेली राख धुरळल्याने कमी होतात, कारण ओल्या पानाला चिकटलेली राख भुंग्याला खाऊ देत नाही; पाऊस आला की ती धुऊन जाते आणि पुन्हा टाकावी लागते, पण रोप चार-पाच पानांचे होईपर्यंतच हा धोका मोठा असतो आणि तेवढा काळ राख पुरते. वांग्याचा सुकून मान टाकलेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट करणे, फळमाशीने डंख मारलेली कारली वेलावर न ठेवता खोल पुरणे, वांग्याच्या वाफ्यात पुढच्या वर्षी वांगी, मिरची किंवा टोमॅटो न लावणे, ही कामे सोपी दिसतात आणि त्यांना आजही पर्याय नाही. याउलट मिरचीच्या चुरडामुरड्यावर, म्हणजे पाने आखडून वळण्याच्या विकारावर, आंबट ताक शिंपडण्याची जी रीत आहे तिचा उपयोग मर्यादित मानला पाहिजे: स्पर्शाने पसरणाऱ्या काही विषाणूंना दुधातील प्रथिने अडवतात हे खरे, पण चुरडामुरडा फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्यामुळे येतो आणि त्या किडी ताकाने मरत नाहीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, झाडांच्या रोगट भागावर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप सांगितला आहे आणि सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजल नावाचे कुजवलेले द्रव खत येते; घरोघरच्या उपायांचे मूळ या ग्रंथांत शोधण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी परसात जे केले ते ग्रंथातून उतरले असे मानण्यापेक्षा ग्रंथकारांनीच शेतकरी घरांतून काही उचलले असावे, हे अधिक संभवनीय वाटते.

कडुनिंबाची कथा वेगळी आहे. धान्याच्या कणगीत आणि बियाण्याच्या गाडग्यात निंबाचा पाला घालण्याची चाल जुनी आहे. झाडांवर निंबोळीचा अर्क फवारण्याची चाल मात्र शास्त्रज्ञांच्या कामानंतर रूढ झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान यांनी १९६२ मध्ये टोळधाडीच्या वेळी निंबोळीच्या पाण्याने पिके वाचवून दाखवली आणि १९६८ मध्ये त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्यात तयार केलेला पाच टक्के अर्क किडीला तत्काळ मारत नाही, तिची भूक आणि वाढ थांबवतो. उन्हाने त्याचा गुण लवकर उतरतो, म्हणून तो संध्याकाळी आणि ताजाच वापरावा लागतो.

बियाणे राखणे हे परसबागेचे सर्वांत नाजूक काम होते. पहिल्या बहराचे, मधल्या वेलावरचे, निरोगी फळ बियाण्यासाठी सोडून देणे, भोपळा-काकडीचे बी शेणात कालवून भिंतीला चिकटवणे, वालाच्या शेंगा चुलीवरच्या धुरात टांगणे आणि बाकीचे बी राखेत मिसळून वाळलेल्या दुधीच्या तुंब्यात ठेवणे, या रीतींमुळे भुंगा लागत नसे आणि ओल धरत नसे. डोंगरातील कोलामांच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्त्यांवर, हे बियाणे अधिक काळ टिकले. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागात १९४० च्या दशकात काम करणाऱ्या हैमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने कोलामांची टोकदार काठीने जमीन उकरून करायची शेती नोंदवली आहे. वने राखीव होत गेली तशी ही फिरती शेती बंद पडली आणि घराभोवतीचा कुंपणातला तुकडा एवढेच त्या शेतीचे अवशेष राहिले. या कुंपणाचेही महत्त्व होते. बोरी-बाभळीच्या काट्यांची वई दरवर्षी नव्याने घालावी लागे, कारण शेळ्या, रानडुकरे आणि वानरे यांनी केलेले नुकसान कोणत्याही किडीपेक्षा एका रात्रीत अधिक होई.

खताचा प्रश्न सोडवण्यात या जिल्ह्याने सबंध देशाला काही दिले आहे आणि त्याची दखल जिल्ह्यातच कमी घेतली जाते. जंगल दूर गेले तसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाऊ लागले आणि परसाला खत उरेनासे झाले. इंदूरच्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग अधूनमधून उलथून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. हे काम कापसाच्या संशोधनातूनच निघाले होते, आणि टणक पऱ्हाट्या कुजत नाहीत म्हणून त्या गाड्यांच्या रस्त्यावर अंथरून चिरडून घेण्याची युक्ती हॉवर्ड यांनी वापरली होती. गांधीजी १९३६ पासून शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहू लागले आणि कचऱ्याचे, मैल्याचेही खत करण्याचा विचार त्या परिसरात रुजला. त्याच विचारातून घडलेल्या, पुसद येथील नारायण पांढरीपांडे या कार्यकर्त्यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप म्हणून ओळखली जाणारी पद्धत तयार केली.

नाडेपचे टाके सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते आणि त्याच्या विटांच्या भिंतींत हवा खेळण्यासाठी मुद्दाम भोके ठेवलेली असतात. त्यात काडीकचरा, पाण्यात कालवलेले थोडे शेण आणि चाळलेली कोरडी माती यांचे थर एकामागून एक दिले जातात आणि वरून शेणमातीने लिंपून घेतात. एका टाक्याला साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि १,७५० किलो माती लागते. म्हणजे वजनाने अर्ध्याहून अधिक भाग मातीचाच असतो, आणि सुटणारा अमोनिया धरून ठेवण्याचे काम तीच करते. ढीग उलथावा लागत नाही. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. ज्या घरात एकच गाय आहे आणि तिच्या शेणावर चूलही चालते त्या घराचा हिशेब या पद्धतीने ओळखला, आणि हेच तिचे सामर्थ्य आहे. परसापुरते लहान टाके विटांऐवजी तुराट्यांच्या ताट्यांनीही करता येते.

शासकीय प्रयत्न याच काळात दुसऱ्या दिशेने चालले होते. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत, १९४३ पासून, अधिक धान्य पिकवण्याची मोहीम निघाली आणि तिच्यात घरगुती भाजीलाही स्थान मिळाले. १९६३ मध्ये युनिसेफ, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने व्यावहारिक पोषण कार्यक्रम सुरू झाला आणि शाळांत व घरांत परसबागा लावण्यावर भर आला. जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक त्याच वर्षी मुख्यमंत्री झाले आणि १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बियाण्याची पाकिटे आली; त्यांच्याबरोबर पांढरी पावडरही आली. डीडीटी आणि बीएचसी या भुकट्या भाजीवर, धान्यावर आणि कधी डोक्यातील उवांवरही टाकल्या गेल्या. कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये झाला, पण बीएचसीवर बंदी यायला १९९७ साल उजाडले. कापसासाठी घरात आलेली बाटली परसातील वांग्यावर वापरली जाणे हे त्यानंतरचे सर्वांत मोठे संकट ठरले. मोनोक्रोटोफॉस या औषधाचा भाजीपाल्यावरील वापर केंद्र सरकारने २००५ मध्ये बंद केला, तरी ते कापसासाठी विकले जात राहिले, आणि कपाटातील एकच बाटली दोन पिकांत भेद करू शकत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा ही द्रव्ये किती घातक आहेत हे साऱ्या देशाला कळले. जे विष फवारणाऱ्याच्या कातडीतून शरीरात शिरते ते दुसऱ्या दिवशी खुडायच्या भाजीवर कधीही असू नये.

याच जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेती सोडून भाजीपाल्याची नैसर्गिक शेती अनेक वर्षे करून दाखवली आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मिश्र पिके, झाडांची सोबत आणि जमिनीत पाणी जिरवणे यांवर त्यांचा भर आहे, आणि या तिन्ही गोष्टी जुन्या परसात लहान प्रमाणावर होत्याच. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील बचत गटांच्या पोषण परसबागा आणि शाळांतील परसबागा यांनी अलीकडे या क्षेत्राला पुन्हा चालना दिली आहे. मात्र त्यांत वाटली जाणारी पाकिटे बहुधा सगळीकडे सारखीच असतात, आणि पोडावरचा वाल, तांड्यावरचे भोपळे किंवा पुसदकडची वांगी त्यांत नसतात.

पिकपाहणीने जे कधी टिपले नाही ते टिपण्याचे काम आता जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि कृषी विज्ञान केंद्राने हाती घ्यावे. एकेका गावातील वयोवृद्ध स्त्रियांकडून कोणते बी कोठून आले, कोणत्या नक्षत्रात लावले, कोणत्या किडीवर काय केले आणि त्याचा गुण आला की नाही, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि ते बी त्याच गावात पुन्हा पेरून जपावे. हे ज्यांना ठाऊक आहे त्या पिढीचे फारच थोडे लोक आज हयात आहेत.